आधी कळले, पुढे काय?

सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर एक पाटी असते. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर मोठ्या अक्षरांत असतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बाकावर ताटकळत बसलेल्या बायकांच्या डोक्यावर ही पाटी दिसेल. ती हवीच आहे. देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने असा कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. २००३ साली तो अधिक कडक झाला. आणि तरीही आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. पाटीखाली बसून काय काय चालत असेल ते या दोन आकड्यांवरून समजावे.

या सगळ्या प्रकाराचा आणखी एक परिणाम झाला, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. आपल्या घराघरांत हे यंत्र एकाच प्रश्नाचे यंत्र होऊन बसले: मुलगा की मुलगी? विचारणारे चोरून विचारतात, न विचारणारे मनातल्या मनात विचारतात, डॉक्टर तोंड मिटून बसतो. त्या एका प्रश्नाच्या गोंगाटात दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. हे मूल दिवस भरून येईल ना? की आधीच येईल?

ज्या माणसाने हे तंत्र प्रथम गरोदर बाईपर्यंत आणले, तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा डॉक्टर इयन डोनाल्ड. ग्लासगो हे जहाजबांधणीचे आणि बॉयलरचे गाव. लोखंडातली न दिसणारी भेग शोधायला कारखान्यात ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. लोखंडाच्या पोटातले कळते तर माणसाच्या पोटातले का कळू नये, असा सरळ विचार त्याने केला आणि १९५८ साली आपले निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. हा डोनाल्ड पुढे १९६७ च्या ब्रिटिश गर्भपात कायद्याचा कडवा विरोधक म्हणून ओळखला गेला. त्याच्या त्या भूमिकेशी आपण सहमत असू वा नसू. पण त्याच्याच यंत्राने आपल्याकडे पोटातल्या मुलींचे काय केले, हे पाहून त्याला काय वाटले असते याची कल्पना करता येते. यंत्राचा यात दोष नाही. ते भेग शोधायला निघाले होते. आपण त्याला काय विचारले, हा आपला मामला.

तर तो दुसरा प्रश्न. गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाला अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. आपल्या दखनी बोलीत 'सतवांसा' हा शब्द आहे. जुन्या दाया सांगत की सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. यात तथ्य नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या खात्यावर जमा होतो. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी वेळेआधी जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, म्हणजे जगातल्या अशा दर पाच मुलांतले एकाहून अधिक आपले. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंचे जगातले सर्वांत मोठे कारण आज हेच आहे.

हे आधी कळू शकते का? काही प्रमाणात कळते. गर्भपिशवीचे तोंड हे नळीसारखे असते आणि मूल वाढत असताना ते लांब व घट्ट मिटलेले राहते. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्याची लांबी साधारण ३५ मिलिमीटर भरते. ते वेळेआधी आखूड होऊ लागले तर कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी यंत्राला दिसते. बाईला मात्र काहीच जाणवत नाही. १९९६ साली अमेरिकेत सुमारे २,९०० गरोदर स्त्रियांची अशी मोजमापे घेऊन दाखवून देण्यात आले की लांबी जितकी कमी, तितकी वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता जास्त. तेव्हापासून २५ मिलिमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते. पंचवीस मिलिमीटर म्हणजे एक इंचाला थोडे कमी, अंगठ्याच्या पेराएवढे. तपासणी १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते आणि ती पोटावरून करून भागत नाही. लघवीची पिशवी भरलेली असली तर तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून ती रिकामी करून, योनीमार्गातून, काही मिनिटे थांबून, दोन-तीनदा मोजून सर्वांत लहान आकडा धरायचा असतो.

इथे आपल्या घरांत दोन हरकती घेतल्या जातात. पहिली हरकत हयेची. तपासणी अशी आतून करायची म्हटल्यावर बाई आक्रसते, नवरा भुवया उंचावतो. बाईमाणूस डॉक्टर मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे आणि तो मिळवून देणे हे दवाखान्याचे काम आहे. पण बाई डॉक्टर नाही म्हणून तपासणीच नको, हे शरियतही म्हणत नाही. जरूरत उभी राहिली की मनाई सैल होते, हा फिकहचा जुना आणि सर्वमान्य कायदा आहे. मला तर नेहमी वाटते की या बाबतीत बाईच्या हयेपेक्षा घरच्या पुरुषांचा संकोच मोठा असतो आणि तो हयेच्या नावावर खपवला जातो.

दुसरी हरकत अधिक खोल आहे. "पेट में क्या है वो अल्ला जाने, तुम कौन होते देखनेवाले?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते अडाणीपणाचे आहे म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही, कारण त्याला आधार आहे. सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत पाच गोष्टींचे ज्ञान अल्लाहपाशी असल्याचे सांगितले आहे आणि आईच्या उदरात काय आहे, ही त्यांतली एक. मग पडद्यावर पाहून भाकीत करणारा डॉक्टर अल्लाहच्या कक्षेत शिरतो काय?

मला वाटते, इथे दोन शब्दांची गल्लत होते. गैब म्हणजे जे कुठल्याही साधनाविना, पूर्णपणे, चुकीच्या शक्यतेशिवाय जाणले जाते ते. ते माणसाचे नव्हेच. डॉक्टरच्या हाती असतो तो जन्न, गुमान, अंदाज. ढग पाहून पाऊस येईल म्हणणारा शेतकरी गैबचा दावा करत नाही. आणि गंमत अशी की पाऊसही त्याच पाच गोष्टींत आहे. ढग पाहून खळ्यावरचे धान्य झाकणाऱ्याला कुणी काफिर ठरवलेले नाही. मोजमापाचा हा अंदाज किती कच्चा आहे ते पाहा. २०१७ साली अमेरिकेत पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, नऊ हजारांहून अधिक स्त्रियांचा. ज्या पुढे खरोखरच आपोआप वेळेआधी बाळंत झाल्या, त्यांच्यापैकी १६ ते २२ आठवड्यांच्या तपासणीत तोंड २५ मिलिमीटर वा त्याहून कमी सापडले फक्त शंभरातल्या आठ जणींचे. पुढच्या तपासणीत, २२ ते ३० आठवड्यांदरम्यान, शंभरातल्या तेवीस जणींचे. बाकीच्या साऱ्याजणी मोजमापाला हुलकावणी देऊन गेल्या. ज्याला शंभरातल्या आठच जणी सापडतात त्याने अल्लाहची बरोबरी केली असे म्हणणे, हा अल्लाहचा फारच लहान हिशेब झाला.

तकदीर आणि तदबीर यांचा झगडाही जुना आहे. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची हदीस सर्वांना पाठ आहे, म्हणून ती सोडून देते. त्यापेक्षा हजरत उमर (रजि.) यांची शामच्या वाटेवरची हकिकत मला जवळची वाटते. पुढे अमवासची प्लेगची साथ पसरल्याचे त्यांना सरग या ठिकाणी कळले. सोबत्यांशी सल्लामसलत करून त्यांनी काफिला परत फिरवायचे ठरवले. अबू उबैदा (रजि.) यांनी हटकले, की अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? उमर म्हणाले की होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जातो आहोत. आणि दाखला दिला तो उंटांचाच: दरीची एक बाजू हिरवी आहे आणि एक सुकी; उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्याच तकदीरीने. या हकिकतीत एक गोष्ट नजरेआड होते. उमर यांना बातमी आधी कळली होती, आणि बातमी कळणाऱ्याच्याच हातात काफिल्याचा लगाम होता. ज्याला कळले तोच वळवू शकत होता.

गरोदर बाईचे तसे नसते. तिला कळते, पण लगाम तिच्या हातात नसतो.

माझा सगळा प्रश्न इथून सुरू होतो. आधी पाहावे की नाही, हा वाद मी संपला असे धरते. पाहिल्यानंतर जे कळले ते कुणाचे? डॉक्टर आकडा सांगतो, कागद हातात देतो, आणि त्या क्षणापासून तो आकडा बाईचा होतो. माझ्या मते तो तिच्या एकटीचा नव्हे. ती अमानत आहे. आणि ती ज्याच्या-ज्याच्या कानावर गेली, त्या प्रत्येकावर तिचा हक्क चढतो.

थोडे मागे जाऊ. वेळेआधी उघडणाऱ्या या तोंडाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया जगभरात ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आपलेच. जन्म १८९९ सालचा, गोव्यातल्या शिरोड्याचा. शिक्षण आणि अध्यापन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते टाक्यासाठी बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून वापरत. तेव्हा पडद्यावर मोजमाप घेणे नव्हते. बाईची कहाणी हेच निदान. चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येता, एकामागून एक गेलेली मुले. अशा बाईच्या वाट्याला आपल्या समाजात काय येत असे ते सांगायला नको. ताईत, दर्ग्याचे धागे, आणि मग एक दिवस दुसऱ्या निकाहची बोलणी. शिरोडकरांच्या टाक्याने मुले तर वाचवलीच, कित्येक संसारही वाचवले असतील. त्याची नोंद कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात नाही.

आणि नावे पाहा कशी असतात. डॉक्टरी भाषेत या अवस्थेला कितीतरी वर्षे 'इनकॉम्पिटंट सर्व्हिक्स' म्हटले गेले, म्हणजे नालायक, कामाला न उतरणारे तोंड. अलीकडे तो शब्द सोडून कमी बोचणारे शब्द वापरू लागले आहेत. पण आपल्याकडे 'पिशवी कमजोर' हा शेरा अजून चालतो, आणि तो पिशवीला लागू न होता बाईला लागू होतो.

आज टाक्याबरोबर औषधही आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचे तोंड १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड होते अशा अडीचशे स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना रोज रात्री योनीमार्गात ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली, निम्म्यांना नुसतीच तशी दिसणारी. औषधाविना ३४ टक्के स्त्रियांची प्रसूती ३४ आठवड्यांच्या आत आपोआप झाली, औषधाने १९ टक्के. फरक मोठा आहे. पण हाच आकडा उलट बाजूने वाचा. इतके आखूड तोंड असूनही आणि काही औषध नसतानाही जवळजवळ दोन तृतीयांश बायका त्या रेघेपलीकडे सुखरूप गेल्या. आणि औषध घेऊनही पाचातली जवळजवळ एक गेली नाही. याच संप्रेरकाच्या एका प्रकारचे आठवड्याला घ्यायचे इंजेक्शन अमेरिकेत २०११ पासून मान्यता घेऊन चालले होते. उपयोग सिद्ध होत नाही म्हणून २०२३ साली त्याची मान्यता काढून घेतली गेली. एकूण, 'कदाचित' हा शब्द या शास्त्रातून हलत नाही.

आता हा 'कदाचित' एका घरात उतरतो तेव्हा काय होते ते पाहू. डॉक्टर म्हणतो, आराम करा. हा सल्ला देणाऱ्याला फुकट असतो. घेणारीला तो किती रुपयांना पडतो ते मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाच्या वस्तीत, सोलापूरच्या विडी वळणाऱ्या घरांत, बीडच्या ऊसतोडीच्या टोळीत विचारावे. ज्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडाली तर रात्रीची चूल अडते, तिला तीन महिने पलंगावर पडून राहायला सांगणे ही एक प्रकारची थट्टाच आहे. आणि थट्टेवर थट्टा अशी, की या आरामाने मूल पोटात जास्त टिकते याला पुरावाच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आखूड तोंडाच्या ज्या स्त्रियांना हालचालींवर बंधने सांगितली गेली होती, त्या इतरांपेक्षा वेळेआधी अधिक प्रमाणात बाळंत झाल्या. त्यावरून आराम वाईटच असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. पण आराम केला नाही म्हणून मूल गेले, हा आरोप करायला तर मुळीच जागा उरत नाही.

आरोप मात्र होतो. आकडा आधी कळलेला असतो ना! मग जिना चढलीस कशाला, माहेरी गेलीस कशाला, धुणे कुणी सांगितले होते? पूर्वी मूल गेले की 'अल्लाह की मर्जी' म्हणून सासू निदान पाठीवरून हात फिरवायची. आता कागद आहे, कागदावर तारीख आहे, आणि कागदाच्या तारखेनंतर बाईने केलेल्या प्रत्येक कामाची हजेरी घेतली जाते. अज्ञानात दुःख होते, ज्ञानाने त्यात गुन्हा मिसळला. ज्या इशाऱ्याबरोबर कुठलीच सोय दिली जात नाही, तो इशारा बाईवर फिर्याद दाखल करण्यासारखाच असतो.

सोय कुणी द्यायची? पुन्हा उमर यांचीच एक हकिकत सांगतात. दूध तोडलेल्या मुलांनाच बैतुलमालमधून वेतन मिळेल, असा त्यांचा नियम होता. एका रात्री गस्त घालताना एक मूल सारखे रडताना त्यांनी ऐकले. आईला दोनदा-तीनदा समजावून पाहिले. शेवटी ती, समोर कोण उभे आहे हे न ओळखता, म्हणाली की वेतन सुरू व्हावे म्हणून मी याचे दूध वेळेआधी तोडते आहे. सकाळच्या नमाजेत उमर यांच्या रडण्याने लोकांना किरात नीट ऐकू आली नाही म्हणतात. नमाज संपताच त्यांनी हुकूम काढला, की जन्मल्या दिवसापासून प्रत्येक मुलाला वेतन. त्यांनी त्या आईला घाईबद्दल बोल लावला नाही. घाई करायला लावणारा नियम त्यांचा होता, तो त्यांनी बदलला.

या दृष्टीने पाहिले तर वैद्यकातली एक अलीकडची घटना डोळे उघडणारी आहे. वेळेआधी येणाऱ्या मुलाची फुप्फुसे तयार नसतात. आईला जन्माआधी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर ती लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ साली दाखवले. इंजेक्शन स्वस्त आहे. मग ते खेडोपाडी पोचवले तर? सहा देशांत असा प्रयोग झाला, त्यांत आपले नागपूर आणि शेजारचे बेळगाव ही केंद्रे होती. २०१५ साली निकाल आला तेव्हा सगळे चकित झाले. अगदी लहान मुलांचे मृत्यू कमी झालेच नाहीत. उलट सगळी नवजात मुले मिळून पाहता मृत्यू हजारामागे तीन ते चारांनी वाढलेले आढळले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. पुढे २०२० साली भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतल्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल आला. तेच औषध, पण या वेळी रुग्णालयांत, सोनोग्राफीने गरोदरपणाचे आठवडे नक्की करून, आणि जन्मानंतर मुलाची काळजी घेण्याची व्यवस्था असलेल्या ठिकाणी. तिथे नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. दोन प्रयोगांत फरक बरेच होते, त्यामुळे सगळे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही. तरीही आधी वर्तवलेल्या गोष्टीवरचे औषध एकटे पाठवले तर ते वाटेत भरकटू शकते, हे त्यातून दिसतेच. ज्यांना ते दिले त्यांतल्या पुष्कळ जणी वेळेआधी बाळंत होणार नव्हत्या, ज्या होणार होत्या त्यांची तारीख धड माहीत नव्हती, आणि मूल आल्यावर त्याला ऊब, दूध, श्वास देणारे कुणी असेलच असे नव्हते.

याच्या उलट टोकाला गडचिरोली. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या खेड्यांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. मुलाला उबदार ठेवणे, दूध पाजायला शिकवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, एवढे त्यांचे काम. तिथे कुठला पडदा नव्हता आणि कुठले भाकीत नव्हते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: नवजात मुलांचे मृत्यू हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या घरात. आईच्या उघड्या छातीशी मूल बांधून ठेवायची 'कांगारू' पद्धत तर कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून सुरू झाली, आणि आज सगळे जग ती वापरते. हे वाचून कुणी म्हणेल, मग मोजमाप हवेच कशाला? हवे. कारण ज्या बाईचे तोंड आखूड सापडले तिला जिल्ह्याच्या रुग्णालयाजवळ वेळेत नेता येते, गोळी देता येते, गरज असेल तर टाका घालता येतो. पण मोजमापाच्या मागे गडचिरोलीसारखे काही उभे असेल तरच.

आमच्या नात्यातली एक मुलगी दोनदा पाचव्या महिन्यात रिकामी झाली होती. तिसऱ्या वेळी तिला ही तपासणी सांगितली तेव्हा ती नको म्हणाली. सगळे तिच्यावर चिडले. मला तिचे म्हणणे समजत होते. दोन मुले पुरलेल्या बाईला तिसऱ्याचे भविष्य चार महिने उशाशी घेऊन झोपायचे नसेल, तर तो तिचा हक्क आहे. न जाणून घेण्याचा हक्क हा अज्ञानाचा हक्क नव्हे. तिला विचारले गेले आणि तिने नाही म्हटले, आणि तिला कधी विचारलेच गेले नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर बाई समजदार होत्या. त्यांनी जोर केला नाही, कारण विचारले. तिने उलट विचारले, "कळल्यावर तुम्ही काय करणार?" डॉक्टरांनी टाका, गोळ्या, त्यांचा खर्च, यश किती, अपयश किती, सगळे सांगितले. मग तिने घरात जेठाणीला तोच प्रश्न विचारला, आणि नवऱ्याला. दोघांकडून उत्तरे आल्यावर ती तपासणीला गेली. तोंड २१ मिलिमीटर निघाले. टाका पडला. नळाचे पाणी जेठाणीने भरले. नवऱ्याने गल्लीतल्या रिक्षावाल्याशी रात्रीचे बोलून ठेवले आणि चार महिने त्याचा फोन नंबर पाठ केला. मूल ३८ व्या आठवड्यात झाले.

यावर तिची सास काय म्हणाली? "देखो, कुछ हुआ क्या? डाक्टरनी ने खाली-पिली डराया." तिच्यावर हसू नये. टाक्याने तारले की तो नसता तरी तारली असती, हे त्या एका बाईच्या बाबतीत कुणालाच सांगता येणार नाही. जे टळले त्याचा पुरावा मागे राहत नाही.

आपल्या जमातींकडे पैसा नाही असे म्हणायची सोय नाही. उरुसाच्या संदलला, इज्तेमाच्या मंडपाला, मशिदीच्या मिनारावरच्या रोषणाईला लाखांनी वर्गणी जमते. जकात कुणाला द्यावी याचे आठ वर्ग कुरआनने घालून दिले आहेत. फकीर आणि मिसकीन त्यांत पहिले. गोळ्यांचा तीन महिन्यांचा खर्च, शहरात रुग्णालयाजवळ राहायची खोली, बुडालेली मजुरी, एवढे एका गरीब गरोदर बाईचे भागवणे यापेक्षा स्वच्छ मसरफ कोणता? कुठल्या जमातीने असा निधी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सरकारचे वेगळे सांगायला नको. २०१७ साली प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती मागावर बसणाऱ्या, विडी वळणाऱ्या, कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही, कारण तिचा मालक कोण हेच कागदावर नसते.

आणि शेवटी त्या शंभरातल्या ब्याण्णव जणी राहतातच. त्यांचे मोजमाप पाचव्या महिन्यात चांगले भरलेले असते, डॉक्टरने पाठ थोपटून घरी पाठवलेले असते, सासूने शुक्राना पढलेला असतो. तिसाव्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, कळा सुरू होतात. तिला कुणी आधी सांगितलेले नाही. सांगण्यासारखे काही दिसलेच नव्हते. त्या वेळी तिच्या कार्डावर गरोदरपणाची तारीख बरोबर लिहिलेली आहे का, १०८ ची गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत येते का, आणि जिथे ती पोचेल तिथे मुलासाठी एक ऊबदार जागा मोकळी आहे का, एवढ्याच गोष्टी तिच्या कामाच्या.